चावीच्या ग्रामोफोनची डागडुजी: मोटर, साउंडबॉक्स आणि लाकडी पेटी

गोव्यात जुना ग्रामोफोन हाती येतो तो बहुधा बंद घरातून. वाटणी रखडलेली असते किंवा घरची माणसे मुंबई-पुण्याकडे स्थायिक झालेली असतात, आणि कपाटाच्या तळाशी किंवा माळ्यावर ठेवलेल्या त्या पेटीने मधल्या काळात कित्येक पावसाळे पाहिलेले असतात. अशा यंत्रात खरी मोडतोड क्वचितच आढळते. वंगण सुकून चिकट झालेले असते, रबर कडक झालेले असते, सरसाचे सांधे दमटपणाने सुटलेले असतात आणि लाखेच्या पॉलिशवर पांढुरकी झाक आलेली असते. हे सर्व दोष चिकाटीने घरी दूर करता येतात. घाईच्या दुरुस्तीतून जे दोष निर्माण होतात ते मात्र कायमचे राहतात: मशीनने घासून पातळ केलेले लाकूड, मूळ निकेल खरवडून चढवलेला झगझगीत मुलामा, भलत्या मापाचे स्क्रू कोंबून बिघडवलेले आटे. म्हणून या कामात मी एकच नियम पाळतो, आणि वाचकांनीही तो पाळावा असा माझा आग्रह आहे. पुढच्या माणसाला काढता येणार नाही असे काहीही यंत्रात घालायचे नाही, आणि परत लावता येणार नाही असे काहीही त्यातून काढायचे नाही.

एडिसनचा १८७७ सालचा फोनोग्राफ नळकांड्यावर ध्वनी उमटवणारा होता. एमिल बर्लिनरने १८८७ मध्ये सपाट तबकडीची पद्धत आणली आणि तिच्या यंत्राला ग्रामोफोन म्हटले. हिंदुस्थानात तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कोलकात्यात सुरू झाले. आपल्याकडे सापडणारी यंत्रे बहुतेक तबकडीचीच असल्यामुळे पुढील विवेचन त्यांना धरून केले आहे. नळकांड्याचा फोनोग्राफ कोणाजवळ असेल तर स्प्रिंग, गव्हर्नर (वेग आवरणारा भाग) आणि पेटी यांविषयीची माहिती त्यालाही लागू पडेल. साउंडबॉक्सची, म्हणजे सुईच्या थरथरीचा आवाज करणाऱ्या डबीची, रचना मात्र त्यात वेगळी असते.

यंत्र खरे आहे का, हे आधी पाहावे

पर्यटकांच्या बाजारांत पितळी कर्ण्याची जी यंत्रे मांडलेली दिसतात, त्यांतील पुष्कळशी अलीकडे जुळवलेली असतात. मोटर एखाद्या जुन्या प्रवासी ग्रामोफोनमधून काढलेली, पेटी नवी, कर्णा पातळ पितळेचा आणि टोन-आर्म (साउंडबॉक्स धरून आवाज कर्ण्यापर्यंत नेणारा पोकळ हात) वाकवलेल्या नळीचा, असा तो मेळ असतो. पेटी उलटी करून तळाची फळी काढली की बऱ्याच गोष्टी उघड होतात. आतले लाकूड ताज्या रंगाचे असेल, स्क्रूंच्या डोक्यांवर फुलीच्या आकाराची खाच असेल, चावीचे भोक मागाहून मोठे केल्यासारखे ओबडधोबड असेल, किंवा एचएमव्ही कंपनीच्या चिन्हातील कुत्र्याचे चित्र कागदी स्टिकरच्या रूपात चिकटवलेले असेल, तर पेटीच्या जुनेपणाचा मोह सोडावा. त्यातील मोटर खरी असेल तर ती अवश्य दुरुस्त करावी, परंतु पेटीवर आणि कर्ण्यावर महिने खर्च करू नयेत. याउलट काळ्या रेक्झिनसारख्या कापडाने मढवलेला एचएमव्हीचा १०२ नंबरचा प्रवासी ग्रामोफोन, जो १९३१ पासून पुढे बरीच वर्षे बनत होता, दिसायला साधा असला तरी मेहनतीचे चीज करणारा आहे. त्याची मोटर भक्कम असते आणि झाकणाखाली दुमडून बसवलेल्या आतल्या कर्ण्यातून आवाज आश्चर्य वाटावे इतका मोकळा येतो.

कामाला कोणता काळ निवडावा

जून ते सप्टेंबर या काळात मोटरचे काम करता येते, कारण धातू पुसून लगेच तेलाचा हात देता येतो. लाकडाचे आणि पॉलिशचे काम मात्र त्या दिवसांत कदापि हाती घेऊ नये. पॉलिशमधील स्पिरिट उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतले पाणी त्यावर बसते आणि थर पांढरा पडतो. नोव्हेंबर उजाडला, सकाळी वाऱ्यात कोरडेपणा जाणवू लागला, की पेटीला हात लावावा आणि मार्चच्या आत काम आटोपावे. किनाऱ्यालगतच्या घरांत खारा वारा असल्यामुळे सुटे केलेले पोलादी भाग रात्रभर उघडे ठेवू नयेत.

हत्यारे फार लागत नाहीत. खाचेत अचूक बसणारे तीन-चार मापांचे स्क्रू-ड्रायव्हर, दोन पक्कडी, बारीक चिमटा, जुने दात घासायचे ब्रश, सुती चिंध्या, रॉकेल किंवा मिनरल टर्पेंटाइन, शिलाई मशीनचे तेल, ग्राफाइट ग्रीस, जाड चामडी हातमोजे आणि डोळ्यांवर घालायचा संरक्षक चष्मा एवढे पुरे. ग्राफाइट ग्रीस मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळते. स्क्रू-ड्रायव्हरचे पाते खाचेपेक्षा अरुंद असेल तर ते कानसेने घडवून घ्यावे, कारण जुन्या इंग्रजी मापाच्या स्क्रूचे डोके एकदा झिजले की त्याच्या जोडीचा स्क्रू बाजारात मिळत नाही. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने छायाचित्र घ्यावे आणि सुटे स्क्रू जाड पुठ्ठ्यावर यंत्राचा नकाशा काढून ज्याच्या त्याच्या जागी खोचावेत.

मोटर

मोटर उघडण्यापूर्वी स्प्रिंगमधील ताण पूर्णपणे निघालेला असला पाहिजे. ब्रेक सोडून थाळी (जिच्यावर तबकडी ठेवतात ती) आपोआप थांबेपर्यंत फिरू द्यावी. थाळी फिरतच नसेल तर स्प्रिंग भरलेली आहे आणि यंत्र अडकलेले आहे असे धरूनच चालावे. अशा वेळी गव्हर्नरच्या दोन्ही टोकांच्या टेकूंवर रॉकेलचा एकेक थेंब सोडून ते एक दिवस मुरू द्यावे आणि लाकडी काडीने गव्हर्नरला हलकेच गती द्यावी. साचलेले तेल विरघळले की तो स्वतःच फिरू लागतो. स्प्रिंग भरलेली असताना गव्हर्नर कधीही सुटा करू नये. स्प्रिंगच्या जोराला आवर घालणारा तोच एक भाग आहे, आणि तो निघाला की संपूर्ण चक्रमाला अनावर वेगाने सुटते, दाते तुटतात आणि बोटेही जायबंदी होतात.

ताण निघाल्यावर थाळी सरळ वर उचलावी. ती निमुळत्या दांड्यावर घट्ट बसलेली असल्यास एका हाताने खालून उचलत दुसऱ्या हाताने दांड्याच्या टोकावर लाकडी ठोकळ्याने हलके ठोके द्यावेत. स्क्रू-ड्रायव्हर घालून तिरकस उचकटल्यास दांडा वाकतो आणि मग कोणतीही तबकडी कायम लहरत फिरते. चावीचा दांडा फिरवून काढावा, वरच्या फळीचे स्क्रू सोडवावेत आणि फळी मोटरसह उचलून पालथी घालावी.

आता स्प्रिंगचा डबा उघडायचा की नाही हे ठरवावे लागते. चावी देताना किंवा यंत्र चालताना आतून धप्प असा आवाज येत असेल आणि त्या क्षणी थाळी झटका खात असेल, तर स्प्रिंगच्या वेटोळ्यांमधील ग्रीस सुकले आहे. वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि ताण वाढला की एकदम सुटतात, त्याचा तो आवाज असतो. असे काही होत नसेल आणि पूर्ण चावीवर बारा इंची तबकडीची एक बाजू शेवटपर्यंत एका गतीने वाजत असेल, तर डबा न उघडणे हेच शहाणपणाचे. हौसेखातर उघडलेल्या डब्यांनी फार नुकसान केलेले आहे.

उघडायचा असेल तर हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय झाकणाला हात लावू नये. ताण काढलेला असला तरी डब्यात कित्येक फूट लांबीची पोलादी पट्टी दाबून बसवलेली असते आणि बाहेर येण्याची तिची ओढ कायम असते. झाकण काढल्यावर आत काळपट तपकिरी, मेणासारखा घट्ट थर दिसतो. त्यात ग्राफाइटची चमक अजून असते, परंतु नखाने दाबल्यास खूण उमटत नाही, आणि वेटोळ्यांच्या कडा त्यातून केवळ बारीक रेषांसारख्या दिसतात. आतले टोक मधल्या दांड्याच्या आकड्यातून सोडवून घ्यावे, वेटोळी कोणत्या दिशेने आहेत याचे छायाचित्र घ्यावे आणि डबा जाड गोणपाटात गुंडाळून मांड्यांमध्ये घट्ट धरावा. मग पक्कडीने आतले टोक पकडून एकेक वेटोळे बाहेर घ्यावे आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या हाताचा दाब डब्याच्या तोंडावर ठेवावा. घाई केल्यास उरलेली स्प्रिंग एकदम उसळते. शेवटचे वेटोळे निघाले की बाहेरचे टोक डब्याच्या भिंतीतील खुंटीवरून अलगद सुटते.

बाहेर आलेली स्प्रिंग सरळ ताणू नये. रॉकेलमध्ये बुडवलेल्या चिंधीने ती वाकणीप्रमाणे पुसत जावे आणि दोन्ही टोकांच्या भोकांजवळ भिंगातून चिरा आहेत का ते पाहावे. तडे बहुधा तेथेच जातात. टोकाशीच तुटलेली स्प्रिंग वाचवता येते. शेवटचे दोन-तीन इंच लालबुंद होईपर्यंत तापवून हळूहळू निवू द्यावेत, म्हणजे तेवढा भाग मऊ पडतो आणि त्यात जुन्या भोकाच्या आकाराचे नवे भोक पाडता येते. मध्येच तुटलेली स्प्रिंग जोडण्याचा खटाटोप करू नये. नवी मागवताना रुंदी, जाडी, लांबी आणि टोकांच्या भोकांचा आकार ही चारही मापे द्यावीत. जाड पट्टी घातली तर यंत्र जास्त वेळ चालेल ही समजूत चुकीची आहे. डब्यात तिची वेटोळी कमी बसतात आणि दात्यांवर नको तो भार येतो.

परत भरताना बाहेरचे टोक आधी खुंटीत अडकवावे आणि मूळ दिशेने एकेक वेटोळे हाताने आत बसवत जावे. दोन्ही बाजूंना ग्राफाइट ग्रीसचा पातळ हात द्यावा आणि झाकण लावण्यापूर्वी आणखी बोटभर ग्रीस वरून घालावे. त्याहून जास्त घातलेले ग्रीस उन्हाळ्यात वितळून पेटीत उतरते.

यानंतरचा नाजूक भाग म्हणजे गव्हर्नर. आडव्या दांड्यावर पातळ पोलादी पट्ट्यांना तीन वजने लावलेली असतात. वेग वाढला की वजने बाहेर फाकतात, त्यांच्या ओढीने दांड्यावरची चकती सरकते आणि चामड्याच्या किंवा नमद्याच्या गादीला टेकून वेग आवरते. ती गादी कोरडी पडली की आवाज कुरकुरतो आणि गाणाऱ्याचा सूर हलू लागतो. गादीवर तेलाचे एक-दोन थेंब मुरू द्यावेत आणि ती दगडासारखी झाली असेल तर नव्या चामड्याचा तुकडा बसवावा. चकती आरशासारखी गुळगुळीत असावी आणि दांड्यावर बोटाने विनासायास सरकावी. तीनपैकी एक पट्टी मोडली असेल तर तिन्ही बदलाव्यात, कारण जाडीतला किंचित फरकही तोल बिघडवतो. दांडा दोन टेकूंमध्ये बसवताना तो अगदी मोकळा फिरला पाहिजे आणि मागे-पुढे कागदाच्या जाडीएवढाच हलला पाहिजे. बहुतेक मोटरींत टेकूची पुंगळी किंचित फिरवून मळसूत्री दाते आणि चाक यांतील अंतर कमी-जास्त करता येते. दाते फार खोल रुतले तर घरघर होते, फार वर राहिले तर झिजतात.

टेकूंवर शिलाई मशीनचे तेल आणि दात्यांवर थोडे ग्रीस, एवढेच वंगण लागते. खोबरेल तेल वापरण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे, परंतु ते काही महिन्यांत चिकट होऊन गंजही धरते. गंज सोडवण्यासाठी मिळणारे फवारे अडकलेला स्क्रू सैल करायला ठीक आहेत. वंगण म्हणून ते निरुपयोगी आहेत.

साउंडबॉक्स

मोटर कितीही सुरेख चालली तरी कानाला जे ऐकू येते ते साउंडबॉक्सच्या कृपेने. सुईची थरथर एका लहान दांडीमार्फत अभ्रकाच्या किंवा पुढच्या काळात ॲल्युमिनियमच्या पातळ पडद्यापर्यंत जाते, आणि तो पडदा दोन्ही बाजूंनी रबरी नळीच्या कड्यांत धरलेला असतो. सत्तर-ऐंशी वर्षांत ते रबर काचेसारखे कडक होते. पडदा मोकळा हलू शकत नाही, आणि त्यामुळे आवाज चिरका व पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. पुष्कळ लोक येथे सुईला किंवा तबकडीला दोष देतात.

स्क्रू सोडवण्यापूर्वी मागचा भाग कशाचा आहे ते पाहावे. काही साउंडबॉक्सचे पाठचे ओतकाम जस्ताच्या मिश्रधातूचे असते. तो धातू कालांतराने फुगतो, तडकतो आणि जोर लावताच तुकडे पडतात. बारीक तडे दिसले तर तेथेच थांबावे आणि आहे त्या स्थितीत वाजवावे, किंवा दुसरा साउंडबॉक्स शोधावा. धातू सुस्थितीत असेल तर सुईची दांडी पडद्याला जेथे जोडलेली असते तेथील मेण गरम सुईने वितळवून जोड सोडवावा, पडदा कडेने उचलावा आणि जुने रबर लाकडी काडीने खरवडून काढावे. अभ्रकाचे पापुद्रे सुटले असतील तर तो पडदा बदलावा लागतो. जुन्या कड्याचे तुकडे जपून ठेवावेत आणि त्याच जाडीची मऊ सिलिकॉनची बारीक नळी घ्यावी. तिची टोके काटकोनात कापून एकमेकांना नेमकी भिडतील अशी बसवावीत. टोके एकमेकांवर चढली तर पडदा वाकतो आणि फट राहिली तर हवा गळते.

दांडीचे टेकू घट्ट करताना कान आणि बोट दोन्हींचा उपयोग करावा. दांडी हलकेच दाबून सोडली की ती जागेवर परत यावी. ती खडखडत असेल तर टेकू सैल आहेत, आणि दबून राहत असेल तर आवळलेले आहेत. जोडताना पडदा स्वाभाविक स्थितीत सपाट असला पाहिजे. सर्व जमले की जोडावर मधमाश्यांच्या मेणाचा एक बारीक थेंब सोडावा. नखाने सुईच्या टोकाला टिचकी मारली असता ढोलकीच्या शाईवर बोट पडल्यासारखा स्वच्छ ठोका ऐकू यावा.

टोन-आर्म आणि कर्णा यांच्या सांध्यातून हवा गळत असेल तर खर्जाचे सूर नाहीसे होतात. फिरत्या सांध्यात घट्ट ग्रीसचा पातळ थर दिल्याने तो मोकळा फिरतो आणि हवाही अडते. निकेलचा मुलामा रॉकेलच्या चिंधीने पुसून मऊ कापडाने चमकवावा आणि पितळेचे पॉलिश त्याला लावू नये, कारण त्यातील खडबडीत कण निकेल झिजवून खालचे पितळ उघडे करतात. गंजाचे ठिपके तेलात भिजवलेल्या ०००० नंबरच्या स्टील वूलने हळूहळू निघतात. रंगवलेल्या पत्र्याच्या कर्ण्यावर मूळ रंगाची नक्षी असेल तर रंग उडालेल्या जागा तशाच ठेवून वर मेणाचा हात देणे मला योग्य वाटते.

पेटी

बंद घरातून आणलेली पेटी लगेच उन्हात ठेवू नये. दमट लाकूड एकदम सुकले की फाटते आणि वरचे विनियर (चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा) उचलते. हवेशीर खोलीत, सावलीत, काही आठवडे ती वाळू द्यावी. या काळात तिच्याखाली काळा कागद पसरून ठेवावा. त्यावर पिठासारखा ताजा भुसा पडू लागला तर लाकडात किडा जिवंत आहे. मोटर आणि इतर धातूचे भाग काढून रिकामी पेटी प्लॅस्टिकमध्ये हवाबंद करावी आणि उणे १८ अंश किंवा त्याहून कमी तापमानाला दोन आठवडे ठेवावी. मासळीसाठी मोठे फ्रीजर आपल्याकडे जागोजाग आहेत, त्यामुळे ही सोय होऊ शकते. बाहेर काढल्यावर पेटी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, निदान एक दिवस, प्लॅस्टिक उघडू नये, नाहीतर लाकडावर दव धरते.

जुने पॉलिश कशाचे आहे हे तळाजवळच्या न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा टेकवून पाहावे. मिनिटभरात ते मऊ व चिकट झाले तर ते लाखेचे आहे, आणि लाखेच्या पॉलिशची थोरवी ही की नवा थर जुन्यात विरघळून एकजीव होतो, म्हणून ते खरवडून काढण्याची गरज सहसा पडत नाही. आधी मिनरल टर्पेंटाइनने मेण आणि मळ काढावा. नंतर सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या कापडाने हात फिरवून लगेच कोरडे पुसावे. झाकणाच्या आतील कंपनीचे चिन्ह पाण्याने आणि स्पिरिटने दोन्हींनी खराब होते. त्याच्यापासून दोन बोटे दूरच राहावे.

सुटलेले सांधे सरसानेच जोडावेत. दाणेदार सरस थंड पाण्यात काही तास फुगवून, गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून ६० अंशांच्या आसपास वितळवावा. तो उकळला तर त्याची पकड जाते. पांढरा गोंद सोपा असला तरी पुढच्या दुरुस्तीत सुटत नाही आणि लाकूड तोडूनच सांधा उघडावा लागतो. सरसाचा सांधा गरम ओलाव्याने पुन्हा सोडवता येतो आणि नवा सरस जुन्यावर धरतो. विनियरला फुगवटा आला असेल तर रेषांच्या दिशेने पात्याने बारीक चीर द्यावी, आत सरस सरकवावा, वर कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवावी आणि वजन ठेवून रात्रभर सोडावे. वाळवीने खाल्लेला तुकडा बदलायचा असल्यास जुन्या दारा-खिडक्यांचे सागवान शोधावे. जुनी घरे पाडली जातात तेव्हा ते मिळते, आणि ते पुरते सुकलेले असल्यामुळे नव्या लाकडासारखे आकसत नाही. तुकड्याच्या रेषा मूळ लाकडाच्या रेषांशी जुळतील असा सुताराजवळ आग्रह धरावा आणि लांबी (पुट्टी) भरून वेळ मारून नेऊ देऊ नये.

पॉलिशसाठी साधारण २०० ग्रॅम चपडा लाख एक लिटर स्पिरिटमध्ये विरघळवून मलमलच्या कापडातून गाळून घ्यावी आणि निम्म्याने पातळ करून वापरावी. कापसाचा बोळा सुती कापडात गुंडाळून, तो लाखेत भिजवून, वर जवसाच्या तेलाचा एकच थेंब लावून न थांबता फिरवत राहावे. एका बैठकीत एक-दोन पातळ हात पुरेत. जेथे पॉलिश शाबूत आहे तेथे नवे लावू नये. कडा आणि हाताळून उघडे पडलेले कोपरे एवढेच भरावे. पांढुरके डाग केवळ वरच्या थरात असतील तर स्पिरिटचा जेमतेम ओलसर बोळा एकदाच झरकन फिरवल्याने ते विरतात. शेवटी मधमाश्यांचे मेण टर्पेंटाइनमध्ये विरघळवून त्याचा पातळ हात द्यावा. जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवल्यास आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून टाकाव्यात.

कापडाने मढवलेल्या पेटीला पॉलिश लागत नाही. सुटलेल्या कडा गव्हाच्या खळीने चिकटवाव्यात आणि बुकबाइंडर घालतात तसे त्यात चिमूटभर मोरचूद घालावे, म्हणजे कसर लागत नाही. मोरचुदाने लोखंड आणि निकेल दोन्ही खराब होत असल्यामुळे कोपऱ्यांच्या पट्ट्या आधी काढून घ्याव्यात.

वेग जुळवणे आणि पहिली तबकडी

सर्व जुळल्यावर थाळीच्या कडेला कागदाचा कपटा लावावा आणि तबकडीवर सुई टेकवलेली असताना एका मिनिटात ७८ फेरे होतील असा वेगाचा खिटका लावावा. ७७ रेघांची चकती छापून थाळीवर ठेवली तर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर चालणाऱ्या साध्या तारेच्या बल्बखाली योग्य वेगात त्या रेघा स्थिर दिसतात. एलईडी दिव्याखाली बहुधा त्यांचा उपयोग होत नाही.

पोलादी सुई प्रत्येक बाजूला नवी लावावी. एका बाजूच्या शेवटी तिच्या टोकाची धार झालेली असते आणि तीच सुई पुन्हा वापरली तर ती खाच कापत जाते. साउंडबॉक्स आणि टोन-आर्मचा भार शंभर ग्रॅमहून अधिक असल्यामुळे ३३ किंवा ४५ फेऱ्यांची प्लॅस्टिकची तबकडी या यंत्रावर कधीही ठेवू नये, ती एकदाच वाजून संपेल. घरात केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर किंवा मास्टर दीनानाथ यांची मूळ तबकडी असेल तर तिच्यावर यंत्राची परीक्षा घेऊ नये. आधी एखादी किरकोळ, दुसरी प्रत जवळ असलेली तबकडी वाजवावी आणि नंतर खाचांच्या तळाशी ताजी राखाडी भुकटी साचते का ते भिंगातून पाहावे. तशी ती दिसली तर साउंडबॉक्सची दांडी अजून जड आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या असल्यामुळे स्पिरिटने पुसल्यास त्या विरघळतात. साबणाचे सौम्य पाणी, लेबल कोरडे ठेवून, पुरेसे आहे.

वाजवून झाल्यावर स्प्रिंग भरलेली न ठेवता उतरू द्यावी. पेटी जांभ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, कारण पावसाळ्यात त्या भिंती पाझरतात. आतल्या भिंतीजवळ, जमिनीपासून वर, झाकण किंचित उघडे राहील अशी ठेवावी. आत सिलिका जेलची पिशवी असावी, तिचे दाणे रंग बदलू लागले की ते तव्यावर मंद आचेवर गरम करून परत घालावेत, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत महिन्यातून एकदा तरी मोटर पूर्ण चावीवर चालवून तेल सर्व टेकूंपर्यंत पोहोचू द्यावे.